शॉनच्या कमरेचं माप

गोराई
५ जानेवारी २०२५, रविवार

शॉन,

तुझी कंबर किती, तेवढंच कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

सोबत दोरी पाठवतोय. पँट बांधतोस तिथे गुंडाळ, टोक भेटेल तिथे गाठ मार आणि आतल्या छोट्या पाकिटात घालून परत टाक. त्यावर माझा पत्ता लिहिलाय, तिकीटही लावलंय. इंच-बिंच लिहू नकोस. दुकानवाल्यांच्या इंचावर माझा भरवसा नाही. आपल्याकडे जाळ्याचं माप कधी कुणी कागदावर लिहिलंय? तुझा आजा दोरीला गाठ मारून वसईला पाठवायचा आणि तिथून बरोबर तेवढ्या तोंडाचं जाळं यायचं. एक बोट इकडेतिकडे नाही.

आता कारण सांगतो, नाहीतर म्हणशील म्हातारा येडा झाला. ख्रिसमसला शेजारच्या क्लिफर्डकडे गेलो होतो. त्याने फोन पुढे केला. म्हणाला, "ज्युलियस, हा तुझा पोरगा ना?" बघतो तर तूच. तिकडे मंगळूरकडच्या कुठल्या समुद्रावर, हातात फळी, आजूबाजूला शहरातली गोरीगोमटी पोरं. म्हणजे तू लाटेवर उभं राहायला शिकवतोस आणि लोक त्याचे पैसे देतात! लाटेतून होडी बाहेर काढता काढता आमचं आयुष्य गेलं, आम्हाला कुणी चहा पाजला नाही. असो. फोटोखाली शाळेचा पत्ता होता, तो क्लिफर्डने लिहून दिला. बरा दिसत होतास. काळा पडलायस.

पण तुझी पँट मांडीवर फाटलेली होती. क्लिफर्डला फोटो मोठा करायला सांगितला. फाटलेलं शिवलं होतंस तू, जाळं शिवतात तसं, दुहेरी गाठ मारून. मी शिकवलेली गाठ. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

शुक्रवारी मम्मीच्या चष्म्यासाठी बोरिवलीला मॉलमध्ये गेलो होतो. तिथे एक दुकान आहे, पुरुषांच्या कपड्यांचं, सगळं समुद्राचं. काचेत फळी उभी केलीय आणि खाली वाळू ओतलीय. वाळू, शॉन! लादीवर! बाहेर पाटी, सीझन संपला, तीस टक्के सूट. कुठला सीझन संपला देव जाणे, आपल्याकडे बोंबील अजून वाळतायत. तुझ्या फोटोतल्यासारख्याच पँटी होत्या, गुडघ्यापर्यंतच्या. एक निळी मला आवडली. दुकानातल्या बाईने साइज विचारली, आणि ती मला ठाऊकच नव्हती.

सेल आहे म्हणून लिहितोय. उगाच वेगळा अर्थ काढू नकोस.

डॅडी


गोराई
१४ जानेवारी २०२५, मंगळवार

शॉन,

शुक्रवारी मोबाइलवर पोस्टाचा मेसेज आला, डिलिव्हर्ड. क्लिफर्डकडून दोनदा वाचून घेतला. म्हणजे पत्र पोचलं. तुझ्या नाहीतर तुझ्या त्या सर्फिंगच्या शाळेतल्या कुणाच्या तरी हातात पडलं. सही कुणाची ते मेसेजमध्ये येत नाही.

तिकडून चार दिवसांत दोरी यायला काय हरकत होती? पण पोस्टाचं काय सांगावं. मी वाट बघतोय असं नाही. सहज लिहिलं.

काल परत लाँचने पलीकडे गेलो. आता चाळीस टक्के केलंय. दुकानात सुनंदा म्हणून बाई आहे, तीच तिथली मोठी. मुलुंडहून येते. पंचेचाळीस-एक वर्षांची, तोंडाने फाटकी, पण मनाने बरी. मला बघून म्हणाली, "आलात अंकल? साइज आणली?"

म्हटलं, "येतेय."

"येतेय म्हणजे? गाडीने येतेय काय? मुलाला फोन लावा ना एक."

म्हटलं, "तो कामात असतो." तीन वर्षांपासून तुझा जुना नंबर बंद आहे हे काय तिला सांगत बसू?

मग तिने ती निळी पँट काढली आणि आतलं इंग्रजी लेबल वाचून दाखवलं. शॉन, ती पँट मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची आहे! खरंच. जुनी जाळी गोळा करतात, वितळवतात, त्याचा धागा काढतात आणि कापड विणतात. म्हटलं, "कुठली जाळी?" म्हणाली, "अंकल, एवढंच लिहिलंय." म्हटलं, "कुणाची? आमची तर भंगारवाला तीन गोणी भरून घेऊन गेला." ती हसायला लागली. म्हणाली, "हा सगळा सस्टेनेबल माल आहे. म्हणजे समुद्राला त्रास नाही असा." मी म्हटलं, "आणि आम्ही काय चार पिढ्या समुद्राला त्रास देत होतो?"

मग मी पँटला नाक लावलं. मासळीचा वास अजिबात नाही. शिवण ओढून बघितली, पक्की आहे. दारावरचा वॉचमन बघायला लागला तेव्हा ठेवून दिली.

हो, आपली डोल, ते मोठं जाळं, भंगारात दिली. तुला कुणी सांगितलं नसेल. होडी क्लिफर्डच्या भावाने घेतली. ओढायला दुसरे हात नकोत का? एकट्याने किती ओढू?

तुझी मम्मी बरी आहे. मी तुला लिहितोय हे तिला माहीत आहे, पण विचारत नाही. संध्याकाळी रोजरीची प्रार्थना संपली की नेहमीसारखी सगळ्यांची नावं घेते. आजा, आजी, वांद्र्याची एव्हलिन मावशी, आजारी माणसं, आणि मग थांबते. तिथे तुझं नाव असायचं. मीच सांगितलं होतं, या घरात ते नाव घ्यायचं नाही म्हणून. तिने माझं ऐकलं. पण रोज थांबते. एक आमेन होईल एवढा वेळ थांबते आणि मग पुढे जाते.

दुसरी दोरी ठेवलीय आत. पहिली हरवली असेल तर.

डॅडी


गोराई
२३ जानेवारी २०२५, गुरुवार

शॉन,

परत डिलिव्हर्ड. परत काही नाही.

एवढी कसली मिजास रे? बापाने कंबर विचारली, किडनी नाही मागितली. एक गाठ मारायला किती वेळ लागतो? दहा वर्षांचा होतास तेव्हा डोळे मिटून मारायचास.

पन्नास टक्के झालं. तीस आणि बत्तीस दोन्ही संपली. सुनंदा म्हणाली, अंकल, साइज कळत नसेल तर जुनी पँट आणा, त्यावरून बघू. मी तुझी ती खाकी पँट घेऊन गेलो. तिने टेबलावर पसरली, टेप लावली, म्हणाली तीस. मग पँट उलटी केली, बोट फिरवलं आणि मला विचारलं, "अंकल, ही एवढी कडक का झालीय? मिठात ठेवली होती काय?"

मी म्हटलं, जुनी आहे.

माझ्याकडे ती कुठून आली हे तू विचारशील. विचार. म्हणजे निदान काहीतरी विचारशील.

आणि हे बघ, चूक काय एकट्या माझी होती? सांगून केलं असतंस तर काय मी फासावर चढवणार होतो? न सांगता वांद्र्याला रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाची सही करून आलास. फादरला काय सांगू, गावाला काय सांगू? एकुलता एक पोरगा. देवळात बॅनाची, लग्नाच्या पुकाऱ्याची, तयारी मी मनात किती वर्षं करून ठेवली होती तुला काय माहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीचं पाणी आणायचं, तुझ्या आजाचा कोट मी घालायचा. आणि तू त्या घाटकोपरच्या पोरीचा हात धरून जेट्टीवर उभा. वर म्हणतोस, "डॅडी, झालं."

झालं म्हणे.

माणूस रागात काहीतरी करतो. केलं असेल मी.

सुनंदाने चौतीसची एक निळी मागे ठेवलीय. म्हणाली, पोरं लग्नानंतर सुटतात, तीस काही राहिली नसेल. तुझं लग्न झालंय हे मी तिला कधी सांगितलं आठवत नाही. बडबडलो असेन.

डॅडी


गोराई
१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

शॉन,

आज भांडायला लिहीत नाही.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहितो. तू तुझे कपडे भरायला घरात आलास आणि मी तुझी बॅग उचलली, जेट्टीवर गेलो आणि सगळ्यांसमोर उघडून खाडीत उलटी केली. ओहोटी होती. कपडे चिखलावर पडले. तू नुसता बघत राहिलास. आणि ती चप्पल काढून खाली उतरली. गुडघ्यापर्यंत चिखलात. एकेक कपडा गोळा करायला लागली. सलवार मांडीपर्यंत काळी झाली होती. क्लिफर्ड मला म्हणाला, "ज्युलियस, तिला हाक मार, पाणी भरायला लागलंय." मी मारली नाही. मी तिच्याकडे पाठ केली आणि घरी आलो. आणि घरी येऊन मम्मीला म्हटलं, आजपासून या घरात ते नाव नको.

तिच्या हातात तीन-चार कपडे आले असतील. बाकीचे पाण्याने नेले. एवढं तुला माहीत आहे.

आता जे माहीत नाही ते. दुसऱ्या दिवशी पाणी फिरल्यावर मी एकटाच डोल ओढायला गेलो. जड लागली. वाटलं, आज भरून आलीय. आत करंदी होती, बोंबील होते आणि मध्ये तुझा पिवळा शर्ट. बाही पसरलेली. शॉन, एक क्षण मला वाटलं तू आहेस त्यात. मी होडीत खाली बसलो.  हात लावायची हिंमत होईना.

नुसता शर्ट होता. मग खाकी पँट निघाली, मग दोन बनियन, मग तो नंबर लिहिलेला फुटबॉलचा शर्ट. मी जे फेकलं ते माझ्याच जाळ्यात आलं. त्या दिवशीची मासळी मी परत पाण्यात सोडली. कुणाला सांगितलं नाही. कपडे गोड्या पाण्याने धुवून जाळ्यांच्या खोलीत वर बांधून ठेवले, पण खार काही गेला नाही. मम्मीलाही माहीत नाही. त्यानंतर डोल वर आली की आत बघायच्या आधी मी डोळे मिटायचो. दुसरे हात नव्हते म्हणून होडी विकली असं मागे लिहिलं, ते खोटं. भीती वाटायची म्हणून विकली.

तेव्हाच तुला शोधत यायला हवं होतं. तो शर्ट घेऊन घाटकोपरला जायला हवं होतं. एकदा निघालोही होतो. तिच्या घरच्यांच्या चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. लाज वाटली. नंतर कळलं तुम्ही गावच सोडलंत.

आता मी काय करू सांग. तिकडे येऊ? आलो आणि तू तोंड फिरवलंस तर माझं मी काय करायचं? म्हणून पँट. मला दुसरं काही सुचत नाही. मी फेकलेल्या कपड्यांच्या बदल्यात एक तरी कपडा तुझ्या अंगावर माझ्या हातचा असावा, बस. निम्म्या किमतीचा का होईना.

सुलक्षणाला सांग. काय सांगायचं ते मला लिहिता येत नाही. मी तिचं नाव लिहिलंय, तेवढं तिला दाखव.

डॅडी


गोराई
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

शॉन,

आज सेलचा शेवटचा दिवस. सत्तर टक्के. मिसा संपल्यावर तसाच गेलो, मम्मीही आली. मी तिला कपड्यांचं सांगितलं.  जाळ्यांच्या खोलीत गेली, गाठोडं खाली काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तीन वर्षं घरातच होते रे हे, आणि मी पलीकडे बसून पोळ्या लाटत होते."

दुकानात नुसता गोंधळ. रॅक रिकामे, खाली हँगर पडलेले, लोक उरलेसुरले दोन-दोन शर्ट उचलत होते. सुनंदाने काउंटरखालून ती चौतीसची निळी काढली. म्हणाली, "अंकल, साहेब दोनदा ओरडले, बाहेर लाव म्हणून. नाही लावली. काय करू, घेताय? एकदा घेतली की बदलून नाही मिळणार."

मी मम्मीकडे बघितलं, मम्मी माझ्याकडे. दोघांनाही ठाऊक नाही. आपल्या पोराची कंबर! जन्मला तेव्हा माझ्या एका हातात मावत होता.

सुनंदा म्हणाली, "आंटी, अंदाजे सांगा ना, जाडा की बारीक?"

मम्मी म्हणाली, "होता तेव्हा बारीक होता." आणि तिथेच, त्या वाळूशेजारी, रडायला लागली.

घेतली. चौतीस. अजून पाठवत नाही. तुझी दोरी आली तर, म्हणून थांबतो चार दिवस.

डॅडी


गोराई
१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

शॉन,

पाकीट सोमवारी आलं. पोस्टमनच्या हातात माझंच अक्षर बघून वाटलं, पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. मम्मीने उघडलं.

तिने मला हाक मारली नाही, म्हणून आत गेलो. तिच्यासमोर दोन दोऱ्या होत्या. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं केलं, झटकलं, आत बोट घालून बघितलं. एक शब्द नाही. ठीक आहे. मीच लिहिलं होतं, बाकी काही लिहायची गरज नाही म्हणून.

मोठी दोरी तुझी. गाठ बघून ओळखली, दुहेरी, ओढली तरी सरकत नाही. चार विती भरली. सुटलायस लेका. निळ्या पँटला लावून बघितली, तीन बोटं जास्त. चौतीसमध्ये तू मावत नाहीस.

दुसरी दोरी म्हणजे मी पाठवलेली दुसरी, पण कापलेली. दोन विती आणि दोन बोटं. मी म्हटलं, "हे काय, मांडीचं माप पाठवलं काय याने?" मम्मीने दोरी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "ज्युलियस, कंबर आहे ती. बाळाची."

मी परत मोजली. परत मोजली. माझ्या विती थोड्या मोठ्या आहेत, म्हणून मम्मीच्या हाताने मोजली. तिच्या हिशेबाने दोन वर्षांचं असेल, थोडं जास्तच.

त्या दोरीची गाठ तुझी नाही. साधी आहे, पण घट्ट. सुलक्षणाने मारली असणार. जिला मी चिखलात उभं ठेवलं तिने.

मम्मी आधी रडली, मग तिने मला मनसोक्त शिव्या घातल्या, मग पुन्हा रडली. मी ऐकून घेतलं.  दोन वर्षांचं नातवंड आहे मला, आणि मी इथे बसून सेलची टक्केवारी लिहीत होतो.

मंगळवारी दोन्ही दोऱ्या खिशात घालून दुकानात गेलो. आत नवा माल लागलाय, उन्हाळ्याचा, सगळा पूर्ण किमतीचा. निळी एकही नाही. सुनंदाने छोटी दोरी हातात घेतली, बोटाला गुंडाळली, म्हणाली, "अंकल, हे मोठ्या माणसांचं दुकान आहे. एवढं छोटं आमच्याकडे येतच नाही." मग हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

मला तेच ठाऊक नाही. मी नुसती मान हलवली. तिला काय समजलं कुणास ठाऊक, म्हणाली, "अरे वा, अभिनंदन!"

घरी येऊन निळ्या पँटला कात्री लावली. तुझ्या कमरेला ती तशीही येत नव्हती. मम्मीने मापाने कापली, मी शिवली, दुहेरी गाठी मारून. जाळ्याचंच कापड आहे, माझा हात त्यावर बरोबर चालतो. कमरेत नाडी घातलीय, म्हणजे पुढच्या वर्षीही होईल. सोबत तुझा पिवळा शर्ट आहे. त्याचा खार जात नाही, तसाच पाठवतोय. तुझ्यासाठी मात्र यात काहीच नाही. तुझ्या मापाचं मला मिळालंच नाही. पार्सल तुझ्या नावाने टाकतो, कारण बाळाचं नाव मला माहीत नाही.

काल रोजरी झाल्यावर मम्मीला म्हटलं, आज नावं मी घेतो. आजा, आजी, एव्हलिन, आजारी माणसं. मग शॉन. तीन वर्षांनी तोंडातून काढलं. मग सुलक्षणा. आणि मग थांबलो.

मम्मी इतकी वर्षं तिथे थांबायची तेव्हा नाव तिला ठाऊक होतं, फक्त मी घेऊ देत नव्हतो. आता मी घ्यायला तयार आहे. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आम्ही दोघं तसेच गुडघ्यांवर राहिलो, आणि आमेन कधी म्हणायचं ते दोघांनाही कळेना.

डॅडी